दवाखान्यातली झोप

मेहरूणच्या आमच्या अक्कांना झोप लागायची ती फक्त दवाखान्यात, तीही नंबर येण्याआधी. बाकावर टेकल्या की मान छातीवर पडे आणि घोरणं सुरू होई. नाव पुकारलं की दचकून उठत, आत जात आणि डॉक्टरांना सांगत, "माले झोप येस नही."

शेजारी म्हणून मी सोबत असे. एकदा न राहवून म्हणालो, "डॉक्टर, या आत्ता बाहेर घोरत होत्या." ज्यांच्या भिंतीवर पदव्यांपेक्षा मंत्र्यांबरोबरचे फोटो जास्त, अशा त्या गृहस्थांनी गोळी लिहिली आणि म्हणाले, "चहा बंद करा." कोणाचा, ते सांगितलं नाही.

गोळीचा गुण ओसरला की अक्का डॉक्टर बदलत, जुनी गोळी मात्र सोडत नसत. शिवाय आपल्याकडे दुखणं एकट्याचं राहत नाही. एका लग्नात, पंगत उठायच्या आत, धरणगावच्या नणंदेने पिशवीतून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. "मला लागू पडली, वहिनी. घ्या." नणंदेचं मन मोडायचं नाही, म्हणून अक्कांनी तीही सुरू केली. दोन डॉक्टरांच्या दोन आणि नणंदेची एक. नावं निराळी, रंग निराळे, आतलं औषध एकच. हे कळलं ते अक्का न्हाणीघरात कोसळून मनगट मोडल्यावर.

प्लास्टरसाठी बसलो होतो. तेवढ्यातही त्यांचा डोळा लागला. जाग आल्यावर मी विचारलं, "अक्का, घरी का नाही हो अशी झोप लागत?"

"आठे बठ्ठा जागा शेतस ना, भाऊ," त्या म्हणाल्या. मी आजूबाजूला पाहिलं; खरंच, इथे सगळे जागे होते. मग प्लास्टरकडे बघत त्या म्हणाल्या, "मना डोया लागना, अन् त्या गयात."

त्या म्हणजे त्यांचे यजमान. घरी, रात्री शेजारच्या खाटेवर छातीत कळ येऊन गेले, अक्कांना सकाळी कळलं. इतक्या डॉक्टरांनी चहा विचारला, जेवण विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग दुपारी त्या आमच्याकडे येऊ लागल्या. बायको भाजी निवडत बसे, अक्का दिवाणावर गाढ झोपत. गोळीविना. पण धुळ्याच्या मुलाला आईने शेजाऱ्यांकडे झोपायला जाणं कमीपणाचं वाटलं. तो त्यांना घेऊन गेला.

तिकडून फोन आला. मुलगा-सून दोघं नोकरीवर, घर दिवसभर रिकामं. दवाखाना मोठा, काचेचा, मोबाईलवर वेळ घेऊन जायचं. "गये की लगेच मझार बलावतस. बसूच देत नही, भाऊ," अक्का रडकुंडीला येऊन म्हणाल्या. थेट आत बोलावल्यावर बाकावरची डुलकी कुठली? गोळ्या पुन्हा वाढल्या होत्या.

मी म्हणालो, "अक्का, फोन चालू ठेवा आणि आडव्या व्हा. मी इकडे जागा आहे."

पलीकडे खाट करकरली.

"अन् तुना डोया लागना तं?"