कातळाला लावलेला कौल

"नाय म्हणजे नाय! जमीन चिरेखाणीक देवची नाय!"

"मगे काय कातळ चाटत बसू?"

लवूचा आवाज चढला तसा शेजारचा रेडिओ बारीक झाला. मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवर भिंती पत्र्याच्या. भांडण एका घरात, कान चार घरांत. त्याच्या बायकोने, सुगंधाने, स्टोला पिन मारली आणि डब्यांची भाजी फोडणीला टाकली. गिरणीचा संप सुरू झाला, त्याला दुसरा शिमगा उलटला. लवू साचेखात्यातला, मागावरचा कामगार; आता हाताला काम नाही. घर चालत होतं ते सुगंधाच्या डब्यांवर. जवळच्या वर्कशॉपांत कामाला असलेली गावची मुलं तिचे डबे खायची.

गावाकडचा कातळ पडीकच होता. पावसाळ्यानंतर भाऊबंद गवत कापून नेत, बस्स. आता एका कंत्राटदाराला तिथे खणून जांभ्या दगडाचे चिरे काढायचे होते. तो खाली हॉटेलात लवूच्या सहीची वाट बघत बसला होता.

"चिरो काढल्यार काय ऱ्हवतला? खड्डो!" सुगंधा म्हणाली. "त्यात पोरांका पवूक शिकवतलास? उतारार काजीची झाडां लावया. चार पावसांत धरतत."

"चार पावस खातलंस काय?"

"आता खातंव ताच. माझे डबे हत मा?"

लवूला ते झोंबलं. त्याने हुकमाचं पान काढलं. "देवळात कौल लावलो हा. चुलत्यान लावल्यान. उजवो दिल्यान देवान. आता तू देवापेक्षा मोठी?"

सुगंधाचा हात थांबला. कौलापुढे तिचं काही चालणार नव्हतं. देवळातल्या पाषाणावर चिकटवलेली उजवीकडची कळी पडली, म्हणजे देवाचा होकार आला, की वाडीतला म्हाताराही तोंड मिटतो. तिने स्टो बंद केला. अचानक झालेल्या शांततेत तिने हळूच विचारलं,

"इचारल्यात काय पण?"

"काय म्हणजे?"

"देवाक घातलेल्या गाऱ्हाण्यात. 'खणू काय' म्हणान इचारलात?"

लवू पत्र्याकडे तोंड करून पुटपुटला, "जमिनीतसून दोन पैशे मिळवू काय, असा इचारूक सांगलंय."

"मगे देव कशाक नाय म्हणतलो? काजीचेय पैशेच."

शेजारी कोणीतरी फिसकन हसलं. सुगंधा मात्र हसली नाही. इतकी वर्षं संसार केलेला माणूस. देवालाही आडून विचारतो, म्हणजे त्याचं मन कुठेतरी कचरतंय. आणि मग तिला उमगलं. काजी लावायच्या तर गावी जाऊन राहायला हवं. गिरणीवाला म्हणून ज्या वाडीत तो कडक इस्त्रीत मिरवला, तिथे आता बेकार होऊन, कुदळ घेऊन उतरायचं. खाणीला मात्र नुसती सही पुरते. तोंड दाखवावं लागत नाही.

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. आवाज उतरला.

"काजीचे खड्डे मी मारतंय. लोकांका काय सांगूचा ता मी सांगतंय. तुमी नुसते माझ्या वांगडा गावाक येवा. येतलास?"

लवूने चपला पायात सरकवल्या, दार ढकललं आणि कंत्राटदार बसला होता त्या हॉटेलाकडे उतरणाऱ्या पायऱ्या तशाच सोडून, मान खाली घालून, टेकडीच्या वरच्या वाटेला लागला.