उलट येणारी तार

बोरसेसर गेल्याची बातमी आली तेव्हा मी भाजी घेत होतो. "भाऊजी, हे गेले हो," वहिनी एवढंच म्हणाल्या. पिशवी तशीच टाकून कतारगामला त्यांच्या फ्लॅटवर धावलो. जिना चढताना डोक्यात एकच... आता धुळ्याच्या आबांना कोण सांगणार?

आबा म्हणजे सरांचा लहानपणचा सोबती. सर सुरतेत मराठी शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि इथलेच झाले, पण दर रविवारी सकाळी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी यंत्रावर, आबांशी अहिराणीत गप्पा ठरलेल्या. "अहो, फोन करा की सरळ!" मी चिडवायचो. "फोनवर एकटा आबा भेटतो, वसंतराव. इथे आमचं बोलणं सगळं आभाळ ऐकतं."

मीही त्यांच्याच नादाने परवाना काढला. रेडिओतून निघालेला आवाज मोठा करणारं लिनियर नावाचं यंत्र त्यांनी घरीच बांधलं होतं. त्या लिनियरपासून एक बारीक तार उलट रेडिओकडे यायची. रेडिओने लिनियरला पेलवेल त्यापेक्षा जास्त रेटलं की मोठं यंत्र त्या तारेतून सांगायचं, पुरे, जरा कमी कर. एक काटा ते दाखवायचा. माझा आवाज हा असा, सोसायटीच्या फाटकापर्यंत जाणारा! मी बोललो की काटा पार टोकाला. सर वैतागायचे. "ती तार राखणदार आहे हो, हमाल नाही. तिला राबवू नका. तुम्ही ओरडलात की आवाज फाटतो, शेजारच्या लहरींवर पसरतो आणि एखादा बारीक आवाजाचा माणूस त्याखाली गाडला जातो." वापीच्या एका शेठना त्यांनी हेच रेडिओवर सगळ्यांच्या देखत ऐकवलं होतं. शेठ असे भडकले की कित्येक महिने सरांशी बोलले नाहीत.

मग सरांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले ते समजलं, पण आवाजही जाईल हे कुणाच्या मनात आलं होतं? वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज पुटपुटण्यावर आला. काटा जागचा हलेना. मी माइकचं बटण वाढवायला गेलो तर माझा हात धरला. "नको. माझा नाही, पंख्याचा आवाज वाढेल." तेव्हापासून सर बोलायला बसले की वहिनी पंखा बंद करायच्या. सुरतेचा उन्हाळा, नुसती भट्टी!

त्यांचा शेवटचा रविवार. रेडिओवर सगळीकडे कलकलाट. सर जीव तोडून बोलत होते आणि तिकडे आबा, हा आहे की नाही कळेना म्हणून, हाका मारत होते, "भाऊ, शेस का तू?" सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर रेडिओ उचलून आपटावासा वाटला. एवढ्यात वापीच्या शेठचा खडा आवाज आला, "बधा चूप! सर बोले छे."

आणि खरंच, एकेक आवाज थांबत गेला. कुठकुठली माणसं, कधी न पाहिलेली... सगळी गप्प झाली. एवढी मोठी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. त्या शांततेत सर म्हणाले, "आबा... शे मी."

"ऐकू यी ऱ्हायनं भाऊ, बोल!" आबांना रडू आवरेना. सर बोलत राहिले. काटा हलला नाही, आणि धुळ्यात शब्द न् शब्द पोचला.

परवा रविवारी वहिनींकडे गेलो होतो. लिनियर तिथेच, मागे ती बारीक तार तशीच. चहा झाला, मी नेहमीसारखा मोठमोठ्याने काहीतरी सांगत होतो. सरांची वेळ झाली तशा वहिनी उठल्या, पंखा बंद केला आणि येऊन खुर्चीत बसल्या. रेडिओ तर बंदच होता. आम्ही दोघं घामाने निथळत होतो. एरवी मी म्हणालो असतो, अहो, लावा तो पंखा!

मी बोलणं तिथेच सोडलं आणि गप्प बसून राहिलो.