रात्री बसणारी गाडी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. जन्मभर मेंढरं राखली, आणि म्हातारपणी कुणाचं न ऐकता एक जुनी, लांबलचक परदेशी गाडी घेतली. ती रात्रीतून जमिनीला टेकायची. सकाळी चालू केली की बसलेल्या एडक्यासारखी आधी मागून, मग पुढून सावकाश उठायची. मी रोज अंगणात उभा राहून ते बघायचो.

पुढं तिला उठायला उशीर लागू लागला, म्हणून भवानी पेठेतल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. चालू गाडीच्या बॉनेटवर त्यानं गाल टेकला, डोळे मिटले आणि झोप लागल्यासारखा तसाच राहिला. मग चादरीच्या तुकड्यानं हात पुसत म्हणाला,

"आप्पा, चाकांवर गाडी तोलणाऱ्या हवेच्या पिशव्या चिरल्यात, रात्रीतून हवा जातीय. नव्या घालायच्या तर गाडी घेतली तेवढा खर्च हाय. साध्या स्प्रिंगा घाला की, लई स्वस्तात भागतंय."

"माझं पोरगं बी तेच म्हणतंय. मग बसणार न्हाय?"

"न्हाय. पण उठणार बी न्हाय. नुसती उभी राहील."

मी गाडी तशीच घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालू करून खाली उतरलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मागची बाजू वर आली. पुढची यायला इतका वेळ लागला की माझे गुडघे दुखले, पण मी हात काढला नाही. ती पुरती उठल्यावर तसाच भवानी पेठेत गेलो आणि मिस्त्रीला म्हणालो, "पोरगं बोलंल, बोलू दे. हवेच्याच घाल."