प्रॉम्प्टरची वही

माझ्या वडिलांच्या नावावर असलेली मंडईची तीन नाटकं वडिलांनी लिहिलेली नाहीत, हे मला माझं पुस्तक लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं. हे गेल्या वर्षापर्यंत मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, प्रकाशकाजवळ नाही, आईजवळ तर नाहीच.

पुस्तक आमच्या भागातल्या मंडईवर आहे. दिवाळी झाली की भंडाऱ्याकडच्या गावागावांत मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, दंडार म्हणजे नाच-गाणी-सोंगांचा खेळ होतो, रात्री नाटक होतं. दंडारीशेजारी नाटक कसं येऊन बसलं, व्हिडिओने काय मोडलं, मोबाइललाही काय मोडता आलं नाही, असं सगळं मी त्यात लिहिलं. लाखनीहून निघून पार बपेऱ्यापर्यंत मोटारसायकलने हिंडलो. लोकांच्या पेट्यांतून, देवघरातून, एकदा तर दाण्याच्या कोठीतून नाटकांच्या जाहिरातीची जुनी पाम्पलेटं मिळवली. प्रस्तावनेत लिहिलं की ज्यांची नावं पाम्पलेटवर छापली गेली नाहीत, त्यांचा हा इतिहास आहे. हे वाक्य लोकांना फार आवडलं. भाषणाला बोलावतात तेव्हा माझी ओळख करून देताना अजूनही तेच वाचून दाखवतात, आणि मी खाली मान घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

वडील शाळेत शिक्षक होते. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. पाम्पलेटवर ‘लेखक व दिग्दर्शक’ म्हणून त्यांचं नाव ठळक असे, आणि सगळ्यात खाली, साउंडवाल्याच्याही नंतर, प्रॉम्प्टरचं. हा प्रॉम्प्टर वडिलांचा जिवाभावाचा मित्र. बौद्ध मोहल्ल्यातला, राइस मिलमध्ये पोती उचलणारा, सातवी शिकलेला. बाहेरच्यांना प्रॉम्प्टर म्हणजे किरकोळ माणूस वाटेल. आमच्याकडे तसं नव्हतं. मंडईचे दिवस म्हणजे धानकापणीचे दिवस. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेला माणूस संध्याकाळी तालमीला येणार, तो पाठांतर कधी करणार? म्हणून पडद्याआडून प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य आधी म्हणायचा आणि नट ते मोठ्याने म्हणायचा. अख्खं नाटक एका माणसाच्या गळ्यातून दोनदा जायचं.

वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या ट्रंकेत मला एक वही सापडली. अक्षर प्रॉम्प्टरचं होतं. त्यात नवल काही नव्हतं, नाटकाची नक्कल काढायचं काम प्रॉम्प्टरचंच असतं. पण ही वही नक्कल नव्हती. एकेक वाक्य चार-चार वेळा खोडलेलं. एका पानावर मेलेली आई पुढच्या पानावर जिवंत करून पुन्हा मारलेली. नक्कल करणारा आईला दोनदा मारत नाही.

मी वही घेऊन खाटेजवळ गेलो. वडिलांनी ती पाहिली आणि ओळखली.

“त्याचंच होय ते,” म्हणाले. “तिन्ही.”

“मग नाव तुमचं काहून?”

“त्याच्या नावावर कोण पार्ट घेतला असता गावात? तोच म्हणाला, गुरुजी, तुमचं टाका, नाटक तं होईल.” मग म्हणाले, “मी सांगणार होतो.”

कोणाला, कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही. ज्या माणसाने मला खोटं बोलण्यावरून एकदाच, पण लक्षात राहील असं मारलं होतं, तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच हिवाळ्यात ते गेले.

वर्षभराने मी पुस्तकासाठी प्रॉम्प्टरकाकांची मुलाखत घ्यायला गेलो. तोवर आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. आम्ही लाखनीला आलो होतो, काका पुनर्वसनाच्या वस्तीत. बाकीची मंडळी कुठे कुठे विखुरलेली. काकांनी तासभर तालमींच्या गमती सांगितल्या. मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, “बाबू, गुरुजीनं जाता जाता तुले काही सांगतलं का? नाटकाचं?”

मी म्हणालो, “नाही.”

“काहीच नाही?”

“नाही, काका.”

“मंग राहू दे,” ते म्हणाले, आणि रेकॉर्डरकडे बोट केलं. “बंद कर तो. बॅटरी जाते फुकट.”

पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात वडिलांवर बारा पानं आहेत. काकांवर दोन ओळी: ‘स्मरणशक्ती अफाट असलेले आदर्श प्रॉम्प्टर.’ लिहिताना मी स्वतःला समजावलं की आई जिवंत आहे, वडिलांच्या फोटोला रोज हार घालते. समजावणं सोपं गेलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या घरी आली. एम.ए. करणारी, पाठीवर बॅग, हातात माझं पुस्तक, आत रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मंडईच्या नाटकांवर तिला प्रकल्प लिहायचा होता. काकांची नात, हे तिने सही घेऊन झाल्यावर सांगितलं.

“सर, एक माफी मांगाची होती. आमचे आबाजी सगळीकडे सांगत सुटले होते का ते नाटकं त्यायनंच लिवले म्हणून. तुमच्या कानावर आलं असल तं मनावर घेऊ नका जी.”

मी विचारलं, “तू काय म्हणालीस त्यांना?”

“मी हे पान वाचून दाखवलं. म्हटलं, आबाजी, छापलेलं आहे, आता तरी फेकाफेकी बंद करा. माझा बाप तं त्यायले चिडवाचा, म्हणे घ्या, नाटककार जेवाले बसले, ताट वाढा.” ती हसली. “तवापासून ते त्या विषयावर बोलतच नाहीत.”

नाव लपवलं म्हणजे एका म्हाताऱ्याला मिळायचा मान तेवढा हुकला, असा माझा हिशेब होता. तो माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर, खोटारडा ठरत होता आणि पुरावा म्हणून माझं पुस्तक उघडलं जात होतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. गाव पाण्याखाली, नट कोणी मेलेले कोणी पांगलेले. काकांच्या बाजूने बोलणारं जगात काही उरलं असेल तर ती वही, आणि वही माझ्या कपाटात.

पुढच्या रविवारी मी वस्तीवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. काका ओसरीवर बसले होते, नजर अधू झालेली. नात शेजारी बसली, वही-पेन घेऊन.

मी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले. “बरं झालं आलास, बाबू. हिले तूच सांग. मी नुसता वाचणारा. लिवणारे गुरुजी. म्हातारपणी मानूस काहीबाही बोलून जाते.”

“पाहा सर,” ती म्हणाली, “शेवटी कबूल केलं त्यायनं.” आणि तिने ते लिहून घेतलं.

ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी कसाबसा म्हणालो, “काका, असं काहून बोलले? तुमचंच होतं ना ते. मला माहीत आहे. बाबांनी सांगितलं होतं मला.”

त्यांनी मान वळवली नाही.

“तुले माहीत होतं, हे मले तवाच समजलं होतं. तू लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतेस.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तिचा मास्तर म्हणते, पुस्तकात आहे तेच लिव. माझं लिवलं तं मार्क कापन. पोरगी शिकून राहिली, शिकू दे. माझा आवाज तसाही पडद्यामागचा.”

चहा आला. नातीने माझ्या कपात साखर जास्त टाकली होती, पाहुणा म्हणून. मी तो प्यायलो. ती समोर होती, काका समोर होते, सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं, आणि मी पावसापाण्याचं बोलून उठलो. काकांनी “सांभाळून जाजो” म्हटलं.

प्रकाशकाला मी पत्र लिहिलं आहे. नव्या आवृत्तीत चौथं प्रकरण बदलेल, वहीची पानं छापली जातील. आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. पण छापणं मला जमतं, तेवढंच जमतं, आणि त्या मुलीला हे छापून कळणं म्हणजे मी पुन्हा पडद्याआड लपणं. म्हणून तिला हे आधीच वाचून कळू नये यासाठी इथे मी कोणाचं नाव घातलेलं नाही.

ती आवृत्ती निघायच्या आधी तिच्यासमोर आणि तिच्या आजोबांसमोर बसून, माझ्या तोंडाने, मला सांगायचं आहे की तिचे आबाजी खरं बोलत होते आणि खोटं मी लिहिलं. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.