आठवीतली पोटदुखी

माझी मुलगी सातवी पास झाली त्याच वर्षी बडोद्यातल्या तिच्या मराठी शाळेचे पुढचे वर्ग मुलं नाहीत म्हणून बंद झाले. आठवीला तिला निजामपुऱ्यातल्या गुजराती शाळेत घातलं. दिवाळीपर्यंत ती कशीबशी गेली. मग एकदा वर्गात धडा मोठ्याने वाचताना सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. ती घरीच राहू लागली.

हे रिफायनरीत शिफ्टला. घरी आले की झोपायचे. म्हणाले, "नसेल जमत तर राहू दे. शिवण शिकेल." शेजारणींनीही तेच सांगितलं. साताऱ्याला आईला कळवावं, तर ती काळजीने अर्धी होईल. मी कुणाशीच बोलले नाही.

एकटीच शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बेन, छोकरी होशियार छे, पण मोढुं ज नथी खोलती." तोंडच उघडत नाही, पण हुशार आहे, हे त्यांच्याकडून ऐकून मला तिथेच रडू आलं.

त्या दुपारी मी तिचं पुस्तक घेऊन बसले. लग्नानंतर इतकी वर्षं बडोद्यात काढली, भाजीवाल्याशी गुजराती बोलले, पण लिपी कधी शिकले नव्हते. अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही, त्यामुळे मला घ आणि ध सारखेच दिसत. "शेठ धेर गया," मी वाचलं.

पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली मुलगी म्हणाली, "धेर नाही आई, घेर. घरी गेले."

"मग तू वाच."

"नको. तूच वाच, मी सांगते."

महिनाभर दुपारी मी चुकत राहिले आणि ती सुधारत राहिली. पुढे तीच वाचून दाखवू लागली. संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी काही न सांगता तिने वेणी घातली, दप्तर उचललं. मी शाळेच्या फाटकापर्यंत गेले. ती मागे न बघता आत गेली.

दहावीला ती बऱ्या मार्कांनी पास झाली. निकालाच्या दिवशी मैत्रिणींबरोबर सयाजीगंजला खायला गेली. यांची दुपारची शिफ्ट होती. मी शिरा केला आणि दार उघडं ठेवून बसले. जिन्यावरून कुणी गेलं असतं तर मुलगी पास झाली म्हणून सांगितलं असतं. कुणी आलं नाही. अंधार पडल्यावर ती आली, म्हणाली, "पोट भरलंय गं," आणि झोपली.