माझ्या फेरीची सोबतीण

"चल गो, लोक वाट बघतात," असं म्हणून ती पदर कमरेला खोचायची आणि माझ्याआधी पायवाटेला लागायची. खरं तर आमची वाट कुणीच बघत नसे. आशाताई दारात दिसली की लोकांना लोहाच्या गोळ्या आठवतात, आणि त्या कुणालाच आवडत नाहीत.

मी पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याकडची आशाताई. वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या, त्यामुळे माझं निम्मं काम म्हणजे चढणच. ती आमच्याच वाडीतली, चाळिशीची, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. भाऊ मुंबईला. तिला स्किझोफ्रेनिया होता. लोक "डोक्याचं हाय" म्हणायचे आणि विषय बदलायचे. कानात येणारे आवाज गोळ्यांनी बरेच थांबले होते, पण लक्ष कशात टिकत नव्हतं. चूल पेटवायची आणि भात लावायचाच विसरायची. चेहऱ्यावर ना हसू, ना रडू. असं माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल आणि त्याला काही वाटतच नाही असं ठरवलं असेल. मीही आधी तसंच समजायचे.

महाडचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालूच ठेवा, पण रोज दम लागेल असं चालवा हिला. लक्ष लागायला, आठवायला मदत होते." आईनं आपल्या परीनं अर्थ लावला. दुसऱ्या दिवसापासून लेकीच्या डोक्यावर हंड्यावर हंडा. मी विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरच बोलला ना, घाम येऊ दे!" शेवटी मी म्हटलं, माझ्याबरोबर फेरीला पाठवा. वरच्या वाडीतले कुत्रे फार वाईट, मलाही सोबत हवीच होती.

सुरुवातीला ती खाली मान घालून मागून यायची. एका घरातून निघालो की पुन्हा त्याच घरात शिरायची. घरची बाई म्हणे, "आत्ताच नाय का येऊन गेलीस?" ही म्हणे, "हो काय?" आणि शांतपणे बाहेर.

भातकापणी उरकेपर्यंत ती पुढे चालायला लागली होती. एकदा मी दमून दगडावर बसले, तर वळून म्हणाली, "कोपऱ्यावरच्या पोरीला आज महाडला न्यायची हाय ना? ऊठ गो." पोरीची तपासणी होती, आणि ते मी सकाळी एकदाच बोलले होते. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि चढण चढू लागली.

थंडीत एक दिवस तिनं एकटीनं भात लावला, आमटी केली, चूल विझवली. आई जेवता जेवता रडली. ही तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मीठ जास्त झाला काय?"

म्हातारीला एकच घोर होता, आपल्यामागे ही एकटी राहील का. मुलगा फोनवर म्हणायचा, तू आहेस तोवर ठीक, मग तिला संस्थेत ठेवू. तो शिमग्याला येणार होता. "आता बघ म्हणावं येऊन," म्हातारी सांगत सुटली होती. पण शिमग्याआधीच म्हातारी गेली.

भाऊ आला. आलेल्यांसाठी पाणी तापवलं हिनं, भांडी घासली हिनं, आपल्या गोळ्या आपण घेतल्या. रडली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. आमच्याकडे सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्याला जात नाहीत. मी अंगणातून जाताना दिसले तशी ती पदर खोचून बाहेर आली. "चल गो, लोक वाट बघतात."

कुणीतरी म्हणालं, "आई मेली नि ही फिराय निघाली."

मी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, या आजारात दुःख तोंडावर दिसत नाही. तिला वेळ कळली, काम आठवलं. वर्षभर आम्ही याच्यासाठीच चाललो."

"ताई, तुमचे उपकार हायत," तो म्हणाला. "पण सुतकात दारोदार निघाली ती. हिला एकटी कशी ठेवू?" माणूस वाईट नव्हता.

बाराव्यानंतर गाडी आली. ती पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. काच खाली करून विचारलं, "चढण हाय काय तिथं?"

मला ठाऊक नव्हतं, तसंच सांगितलं.

मध्यंतरी मी त्या संस्थेत फोन केला. तिथली बाई अगदी कौतुकानं बोलली, "फार चांगल्या आहेत हो त्या. कुणाला काही त्रास नाही. सकाळी जिथं बसवू तिथंच संध्याकाळपर्यंत बसून असतात."

मी बरं म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.