टाकीच्या सावलीतला डबा

माझे सासरे दिलीप खानोलकर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, पण तेही सही ठोकून. एरवी माणूस इतका सरळ, की कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर उतरून बसच्या मागे धावतील.

बाविसाव्या वर्षी मामाच्या ओळखीनं ते पूर्व आफ्रिकेतल्या एका टीव्ही केंद्रात चिकटले. लंडनहून एका विज्ञानकथेच्या मालिकेचे भाग तिथं विमानानं यायचे, गोल पत्र्याच्या डब्यांतून. दाखवून झाले की डबे पुढच्या देशात पाठवायचे. करार संपला की जाळायचे आणि जाळल्याचा दाखला लंडनला धाडायचा. बाबांनी सगळे जाळले, एक जाळवेना. त्यात घरी परतायची वाट विसरलेला अंतराळवीर होता आणि बाबांनाही तेव्हा घरची फार आठवण यायची. तो डबा त्यांनी कपड्यांत गुंडाळून इकडे आणला. दाखल्यावर लिहिलं, ‘सर्व नष्ट केले.’

माझ्या सासूबाई, नंदिनी, त्याला ‘तुमचं ते भुताटकीचं डबडं’ म्हणायच्या. गेल्या दिवाळीत त्या गेल्या.

त्यांच्यामागे घरातलं वाळवण बंद पडू द्यायचं नाही, असा मला चेव आला. मे महिन्यातला रविवार होता. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी कुरडया घातल्या. सासूबाई दरवर्षी कुरडयांबरोबर तो डबाही वर न्यायच्या, हे मला ठाऊक होतं. बाबा कट्ट्यावर गेले होते, म्हणून मीच नेला. झाकण काढलं तर व्हिनेगरसारखा भपकारा! ठेवला रणरणत्या उन्हात. उन्हानं वास जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला लागतं का?

दुपारी एकच्या सुमारास बाबा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आले. लंडनच्या एका संग्रहालयाची मेल होती. तिथल्या टीव्हीवाल्यांनी जुन्या टेपा पुन्हा वापरायला म्हणून पुसून टाकल्या होत्या. आता परदेशी गेलेल्या प्रतींचा माग काढत ते बाबांच्या सहीपाशी येऊन अडले होते. ‘हा भाग जगात कुठेच सापडत नाही. तुम्ही तो खरंच जाळलात का?’

“मी कळवून टाकलं, माझ्याकडे आहे!” बाबा म्हणाले. “डबा काढ गं, वैदेही.”

“बाबा, तो गच्चीवर आहे. उन्हात.”

“उन्हात? फिल्म?” नऊ वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. “अगं, पन्नास वर्षं एक खोटं सांभाळलं मी, आणि आज तू ते खरं केलंस!”

मी अनवाणी जिने चढत सुटले. मागून बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कठड्याला धरून. “तुम्ही नका येऊ,” म्हटलं, पण ऐकतायत कसले!

गच्चीवर कुरडया होत्या. झाकण होतं, हात लावला तर चटका बसला. डबा नव्हता.

“भंगारवाल्यानं नेला,” बाबा म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाबांना काही झालं तर नवऱ्याला, शौनकला, काय तोंड दाखवू, ह्या विचारानं मला रडूच फुटलं. मी कठड्यावरून वॉचमनला, गोटीरामला, जिवाच्या आकांतानं हाका मारल्या.

तो धापा टाकत वर आला. “डबा ना? तो काय, टाकीच्या मागं हाय. मघाशी मीच हलवला. मोठ्या वयनी दरसाल सावलीनच ठेवाच्या. उन्हान कवा ठेवला नाय. तुमी ह्या कामाला नवीन, म्हनलं चुकला आसल.”

मी त्याच्या पायाच पडणार होते.

संध्याकाळी तुर्भ्याच्या फिल्म लॅबमधला केयूर आला. त्यानं हातमोजे घातले, वास घेतला, आणि रीळ उलगडायला लागला. वरचे काही वेढे वेडेवाकडे झाले होते. ते माझं पाप. आतली फिल्म शाबूत होती.

“कमाल आहे,” केयूर म्हणाला. “ही घट्ट बंद राहिली असती तर स्वतःच्याच आंबट वाफेत कधीच सडली असती. अधूनमधून उघडून हवा कोण दाखवत होतं?”

बाबा चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, “मला वाटायचं, तिला ह्या डब्याचा राग आहे. मी कधी विचारलंसुद्धा नाही गं.”

आठवड्यानं लंडनहून फॉर्म आला. बाबांनी तो माझ्यासमोर, एका बोटानं टाइप करत भरला. जुन्या दाखल्यावरची सही आपलीच, मजकूर खोटा, हे सरळ लिहून टाकलं. खाली रकाना होता, ‘प्रत कोणी जतन केली?’

बाबांनी लिहिलं, ‘नंदिनी दिलीप खानोलकर.’ आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, हे मला दोनदा तपासायला लावलं.